वायफायच्या डब्यावर आतल्या चिपचं नाव छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम) कसं टाकायचं यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि कापून पण ठेवला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप लोक अडगळीत टाकायला निघाले, तेव्हा कुणीतरी सांगायलाच हवं होतं की बाबांनो थांबा, मशीन मेलेलं नाहीये. पेनड्राइव्ह कसा बनवायचा, बायोसमध्ये काय बदलायचं, आधी डेटा कुठे काढून ठेवायचा, सगळं छान समजावलंय. पण अख्ख्या लेखात वायफायबद्दल एक ओळ नाही. आणि मी इतकी वर्षं जे बघतेय त्यावरून सांगते, नव्या माणसाचा लिनक्सवरचा पहिला दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा वायफायमुळेच. म्हणून हे पत्र. लांब झालंय, पण कृपया पूर्ण वाचा.

मी २००७ पासून लिनक्स वापरते. नात्यात, ओळखीत, ऑफिसात ज्याला हवं त्याला टाकून देते. माझ्या भाचीने तुमचा तो लेख समोर ठेवून स्वतःचा जुना लॅपटॉप स्वतःच केला, मला विचारलं पण नाही, मला त्याचं खूप कौतुक वाटलं. इन्स्टॉल झालं, स्क्रीन छान दिसत होती, आवाज चालू, टचपॅड चालू, आणि वरच्या कोपऱ्यात जिथे वायफायचं चिन्ह असायला हवं तिथे काहीच नाही. सेटिंगमध्ये गेली तर वायफाय अडॅप्टर सापडला नाही. रात्री साडेदहाला तिचा फोन, मावशी माझ्याकडून कार्ड जळलं का गं?

कार्ड अजिबात जळलं नव्हतं. तिला टर्मिनल उघडायला लावलं, मशीनमधल्या हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड, म्हणजे एलएसपीसीआय, लिहून पुढे डॅश एनएनके लावून एंटर मारायला सांगितलं, आणि येईल ते मला वाचून दाखव म्हटलं. ती एकेक ओळ वाचत गेली, ग्राफिक्स, साउंड, डिस्क कंट्रोलर, प्रत्येकाखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" म्हणून एक ओळ आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. मग आला नेटवर्क कंट्रोलर, चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव, कंसात तो चार-चार अक्षरांचा नंबर, आणि मग पुढचंच हार्डवेअर सुरू झालं. ती ड्रायव्हर इन यूजची ओळ आलीच नाही. म्हणजे मशीनला कार्ड दिसतंय, ते कुणाचं आहे ते पण कळतंय, फक्त त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नाहीये.

आता इथे गंमत म्हणा की छळ म्हणा, तो ड्रायव्हर नेटवर होता. नेटवर जायला वायफाय पाहिजे, वायफायला ड्रायव्हर पाहिजे, ड्रायव्हरला नेट पाहिजे. लॅपटॉप पातळ असल्यामुळे केबलचं भोक पण नाही. शेवटी तिला म्हटलं फोन यूएसबी केबलने जोड आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, फोन केबलच्या नेटसारखाच दिसतो. नेट आलं, पॅकेज उतरवलं, रिस्टार्ट केलं, वायफाय चालू. वीस मिनिटांचं काम. पण ज्याला फोन करायला मावशी नाही त्याने त्या रात्री परत विंडोज टाकलं असतं किंवा लॅपटॉप भंगारात दिला असता आणि वर सगळ्यांना सांगत सुटला असता की लिनक्स बेकार आहे. त्याला दोष कसा देणार, त्याला जे दिसलं ते तो सांगणार.

वाचकांसाठी थोडं समजावून सांगते, कारण लोक ड्रायव्हर आणि फर्मवेअर यात नेहमी गल्लत करतात. वायफायचं कार्ड म्हणजे नुसती अँटेना आणि रेडिओ नसतो, त्याच्या पोटात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. त्या प्रोसेसरवर जो प्रोग्राम चालतो तो फर्मवेअर. बहुतेक कार्डांत तो कायमचा भरून ठेवलेला नसतो, मशीन चालू झालं की दर वेळी हार्डडिस्कवरून उचलून कार्डात ओतावा लागतो, कारण कार्डावर कायमची मेमरी बसवायचा खर्च कंपनीला वाचवायचा असतो. आणि कॉम्प्युटरच्या बाजूने कार्डाशी बोलणारा जो भाग तो ड्रायव्हर. दोन्हीपैकी एक नसलं तरी वायफाय नाही. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअरची फाइल नाही असं झालं तर डीमेसगमध्ये, म्हणजे मशीनच्या निरोपांच्या यादीत, "नो सुटेबल फर्मवेअर फाउंड" असा निरोप येतो, हा निरोप मी इतक्या मशीनवर वाचलाय की झोपेतही ओळखेन.

ड्रायव्हर ओपन सोर्स असू शकतो आणि तरीही फर्मवेअर बंद डब्यासारखं असतं, आत काय आहे कुणालाच बघता येत नाही. ते कंपनीचं असतं आणि वाटायची परवानगी पण कंपनीच देते. परवानगी दिली तर ती फाइल लिनक्स-फर्मवेअर नावाच्या सामाईक साठ्यात जाते आणि तिथून सगळ्यांच्या मशीनवर पोचते. परवानगी नाही दिली तर प्रत्येकाने स्वतः विंडोजच्या ड्रायव्हरमधून ती खरवडून काढायची. हो, खरंच खरवडून. ब्रॉडकॉम या चिप कंपनीच्या जुन्या कार्डांसाठी बी४३-एफडब्ल्यूकटर नावाचं हत्यार होतं, कंपनीची ड्रायव्हर फाइल द्यायची आणि ते त्यातून फर्मवेअर कापून बाहेर काढायचं. मी ते कितीदा केलंय याची गणती नाही.

आता जुनं थोडं सांगते कारण त्याशिवाय आजचं कळणार नाही. मी सुरुवात केली तेव्हा वायफाय चालवायचं म्हणजे एनडीआयएसरॅपर. विंडोजचाच ड्रायव्हर घ्यायचा, त्याची आयएनएफ फाइल आणि सिस फाइल शोधायची आणि लिनक्सला भासवायचं की तू विंडोज आहेस. चालला तर चालला, नाहीतर मशीन गोठलं. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या मोकळ्या सिस्टिमवर पण हीच युक्ती बिल पॉल यांनी केली होती आणि तिचं नाव प्रोजेक्ट इव्हिल. चिप कंपन्या कागदपत्रं देत नव्हत्या म्हणून इतक्या हुशार माणसांना आपली बुद्धी असल्या उसन्या जुगाडात घालावी लागली, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं आणि आजही वाटतं.

ब्रॉडकॉमची गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी आहे. कंपनीने चिपची माहिती द्यायला नकार दिला, तेव्हा काही लोकांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते हे साध्या भाषेत लिहून काढलं, अमुक रजिस्टरमध्ये अमुक आकडा टाकला की असं होतं, अशी पानंच्या पानं. आणि दुसऱ्या लोकांनी कंपनीच्या कोडकडे ढुंकूनही न बघता फक्त ती लिहिलेली माहिती वाचून नवीन ड्रायव्हर बनवला. म्हणजे चोरीचा आरोप व्हायलाच नको, मधे भिंत. त्यातून आलेला बीसीएम४३एक्सएक्स ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.१७ आवृत्तीत गेला आणि पुढे जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये त्याच्या जागी बी४३ आला. या कामात वर्षानुवर्षं राबलेले लॅरी फिंगर जून २०२४ मध्ये गेले. ब्रॉडकॉमनंतर त्यांनी रिअलटेकच्या कार्डांवरही तसंच काम केलं, आणि कर्नलमध्ये जे बसत नव्हते ते ड्रायव्हर पण लोकांसाठी नीट चालू ठेवले. माझ्या हातून झालेल्या कितीतरी मशीनवर त्यांच्या ड्रायव्हरनेच वायफाय आलं. त्यांची बातमी वाचली त्या दिवशी मला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं, आणि एकाही मराठी पेपरात दोन ओळी आल्याचं माझ्या नजरेला तरी पडलं नाही, हे पण सांगून टाकते.

अथेरॉस या चिप कंपनीचं पण तसंच, आधी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता, त्याच्या पोटात एचएएल म्हणून एक बंद तुकडा. ओपनबीएसडी या आणखी एका मोकळ्या सिस्टिमच्या राइक फ्लोटर यांनी तो तुकडा उलगडून स्वतःचा मोकळा बनवला, त्याच पायावर लिनक्समध्ये एटीएच५के उभा राहिला. मग २००८ मध्ये अथेरॉसने स्वतःहून एटीएच९के हा पूर्ण ओपन ड्रायव्हर दिला. आणि बघा, कंपनी बुडाली का? उलट कित्येक वर्षं लिनक्सवाले एकमेकांना हेच सांगायचे की डोळे मिटून अथेरॉस घे. पुढे त्यांच्या एका यूएसबी चिपचं तर फर्मवेअर पण मोकळं झालं, म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळं उघडं, अशी कार्डं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी आहेत. ब्रॉडकॉमने पण सप्टेंबर २०१० मध्ये नव्या चिप्ससाठी ओपन ड्रायव्हर आणला, पण सगळ्यांसाठी नाही. काही जुन्या मॅकबुकमध्ये जी ब्रॉडकॉमची चिप आहे तिला आजही तो बंद डब्ल्यूएल ड्रायव्हरच लागतो, त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची आणि तेव्हापासून डिस्ट्रोवाले, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे संच बनवणारे लोक, त्याला ठिगळं लावून नव्या कर्नलवर चालवतायत. मालकाने टाकून दिलेलं पोर शेजाऱ्यांनी सांभाळावं तसं.

इंटेलबद्दल लोक नेहमी चांगलं बोलतात आणि आज ते बरोबरच आहे, पण २००६ च्या सुमाराला त्यांच्या ३९४५ कार्डाला एक बंद डीमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, सतत चालू ठेवावा लागायचा, का तर रेडिओचे नियम सांभाळायला म्हणून. लोकांनी आरडाओरडा केला, मग नव्या ड्रायव्हरमध्ये ते काम फर्मवेअरमध्ये गेलं आणि तो डीमन सुटला. सांगायचा मुद्दा, ओरडलं की बदलतं.

आणि बदललंय खूप, ते नाकारायचं नाही. मीडियाटेकचा एमटी७६ ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि तो ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सच्या लोकांच्या हातून वाढलाय, म्हणजे वापरणाऱ्यांच्या हातून. रिअलटेकचे आरटीडब्ल्यू८८ आणि आरटीडब्ल्यू८९ हे पण २०१९ आणि २०२२ मध्ये कर्नलमध्ये आले. ओपनडब्ल्यूआरटी स्वतः तरी कशामुळे आहे, २००३ मध्ये एका प्रसिद्ध राउटरमध्ये लिनक्स निघालं, जीपीएल या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या नियमाप्रमाणे कंपनीला सोर्स द्यावा लागला, आणि त्यातून हे अख्खं झाड वाढलं. एकदा कोड बाहेर आला की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

डेबियन या डिस्ट्रोने पण एक मोठा निर्णय घेतला. आधी त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर ठेवतच नव्हते, तत्त्व म्हणून. वेगळी अनधिकृत इमेज असायची, पण ती आहे हे नव्या माणसाला कळणार कसं. मग २०२२ मध्ये त्यांनी रीतसर मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच यायला लागलं. मला माहितीय यावर भांडणं झाली. मला तत्त्व सोडणाऱ्यांचा राग येतो, पण इथे मी डेबियनच्या बाजूने आहे. ज्या माणसाला पहिल्याच पायरीवर नेट मिळत नाही तो मोकळ्या सॉफ्टवेअरच्या दारातच येत नाही, मग त्याला तत्त्व समजावणार कधी? ओपनबीएसडीवाले याबाबतीत मला जास्त सरळ वाटतात, ड्रायव्हरमध्ये बंद तुकडा अजिबात चालवून घेत नाहीत, पण फर्मवेअर इन्स्टॉलनंतर एफडब्ल्यू-अपडेटने आणून देतात. त्यांनी २००६ मध्ये ३.९ काढलं तेव्हा अख्खा विषयच ब्लॉबविरुद्ध, म्हणजे असल्या बंद तुकड्यांविरुद्ध, होता.

फ्रीबीएसडीवाल्यांचे हाल मात्र बघवत नव्हते. मे २०२२ च्या १३.१ मध्ये लिनक्सचा इंटेल ड्रायव्हर लिनक्सकेपीआय म्हणून एका थराच्या मदतीने आणला, पण वेग जुन्या काळातला. ८०२.११एसी या जलद वायफायचा वेग त्यावर मिळाला तो जून २०२५ च्या १४.३ ला. तोपर्यंत लोक काय करत होते माहितीये? वायफायबॉक्स. म्हणजे आत एक छोटं व्हर्च्युअल मशीन चालवायचं, त्यात अल्पाइन लिनक्स, वायफायचं कार्ड उचलून त्या मशीनच्या ताब्यात द्यायचं, ते वायफायला जोडलं जाणार आणि बाहेरच्या फ्रीबीएसडीला केबलसारखं नेट देणार. एका कार्डासाठी एक अख्खी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. करणाऱ्यांना माझा सलाम आहे, पण कागदपत्रं मिळाली असती तर ही वेळ आली नसती.

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येते, ते आहे यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं छोटं वायफाय कार्ड. लॅपटॉपचं आतलं कार्ड चालत नसलं तर लोक साधा डोंगल विकत आणतात, मी पण आणला. नेटवर वाचून, हे मॉडेल लिनक्सवर लावलं की चालतं असं दहा जणांनी लिहिलेलं बघून आणला. लावला, नाही चाललं. मग डोंगल उलटा करून भिंग घेऊन बघितलं तर स्टिकरवर मॉडेलच्या पुढे अगदी बारीक अक्षरात व्हर्जन २. ज्या दहा जणांनी कौतुक केलं होतं त्यांच्याकडे व्हर्जन १ होतं. डबा तोच, फोटो तोच, नाव तेच, प्लास्टिक तेच, आणि आतली चिप सरळ दुसऱ्याच कंपनीची. बाहेरून कळायला काहीही मार्ग नाही! ऑनलाइन घेताना तर व्हर्जन दिसतच नाही, दुकानदाराला विचारलं तर त्याला हा प्रश्नच कळत नाही. मला ही सरळ फसवणूक वाटते, कायद्यात बसत असेल नसेल, पण घेणाऱ्याला जे माहीत असायला हवं ते लपवलंय.

शिवाय काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. विंडोजवाल्याची सोय. लिनक्सवर मात्र यूएसबी-मोडस्विच नावाच्या प्रोग्रामने त्याला आधी सांगावं लागतं की बाबा सीडी होणं सोड आणि वायफाय हो.

मग अशा डोंगलसाठी ड्रायव्हर कुठून येतो? कंपनीने कधीतरी एक झिप फाइल टाकलेली असते, एखाद्या जुन्या कर्नलसाठी लिहिलेली, आणि नंतर तिच्याकडे कुणी बघत नाही. कुणीतरी भला माणूस ती घेऊन दुरुस्त करतो, डीकेएमएसमध्ये बसवतो म्हणजे दर वेळी कर्नल बदलला की ड्रायव्हर आपोआप परत बनतो. सहा महिने सुखाने जातात. मग एक दिवस अपडेट येतं, कर्नलच्या आतलं एखादं फंक्शन बदललेलं असतं, ड्रायव्हर बनत नाही, रिस्टार्ट केलं की वायफाय गायब. ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मेनूत, जाऊन जुना कर्नल निवडायचा म्हणजे परत येतं, पण हे साध्या माणसाने का शिकावं? लोक म्हणतात लिनक्सवाले आतलं सारखं का बदलतात, स्थिर का ठेवत नाहीत. त्याचं उत्तर त्यांनी फार पूर्वी दिलंय, ड्रायव्हर कर्नलच्या आत द्या, मग जो कुणी फंक्शन बदलेल तोच तुमचा ड्रायव्हर पण दुरुस्त करेल, फुकट, कायम. हे मला पटतं. बाहेर राहायचं कंपनीने ठरवलंय आणि भोगतोय मी. त्यात सिक्युअर बूट चालू असेल तर अजून एक अडथळा, ड्रायव्हर बनतो पण सही नसल्यामुळे कर्नल त्याला आत घेत नाही, मग स्वतःची सही नोंदवायची ती एमओकेची निळी स्क्रीन, पासवर्ड, एनरोल... इथे मी हात टेकलेली माणसं पाहिलीयत.

आतलं कार्डच बदलून टाका असं कुणी सांगेल, सोपं आहे, दोन स्क्रू आणि अँटेनाच्या दोन वायरी. करते मी ते. पण काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये यादी असते आणि त्या यादीत नसलेलं कार्ड बसवलं की मशीन सुरूच होत नाही. मी विकत घेतलेल्या मशीनमध्ये मी कुठलं कार्ड लावायचं हे दुसरं कुणी ठरवणार, हे मला आजपर्यंत पटलेलं नाही. आणि इंटेलची काही कार्डं, एएक्स२०१ सारखी, दिसतात नेहमीच्या एम-डॉट-टू खाचेत बसणारी पण ती फक्त इंटेलच्याच मशीनवर चालतात कारण अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूच्या चिपमध्ये असतं. एएक्स२१० घेतलं तर तो प्रश्न येत नाही. नुसती आकड्यांची अदलाबदल, आणि पैसे पाण्यात.

कंपन्यांची बाजू मी ऐकलीय. रेडिओचे नियम आहेत, प्रत्येक देशात चॅनल वेगळे, पॉवरची मर्यादा वेगळी, कोड उघडला तर कुणीही मर्यादा मोडेल. काही कोड दुसऱ्याकडून घेतलेला असतो, तो उघडायचा त्यांना हक्क नसतो. ठीक आहे, एक वेळ मान्य करते. मग फर्मवेअर बंदच ठेवा, पण ते वाटायची परवानगी द्या आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये द्या. इंटेल हेच करतंय ना इतकी वर्षं? लिनक्समध्ये देशांच्या नियमांचा डेटाबेस सही करून ठेवलेला आहे, नियम पाळायची सोय आहे.

आणि बंद फर्मवेअरचा धोका फक्त लिनक्सवाल्यांना आहे असं समजू नका. २०१७ मध्ये ब्रॉडकॉमच्या वायफाय फर्मवेअरमध्ये ब्रॉडपन नावाचं भगदाड सापडलं होतं, आयफोन पण आणि अँड्रॉइड पण, मालकाने कुठेही बोट न लावता हल्ला करता येत होता. ज्यांच्या फोनला अपडेट आलं ते वाचले. ज्यांच्या फोनचे अपडेट आधीच बंद झाले होते त्यांनी काय करायचं? ड्रायव्हरमधलं भोक कुणीही बुजवू शकतं, फर्मवेअरमधलं फक्त कंपनी, आणि कंपनीने त्या चिपकडे पाठ फिरवली की ते भोक कायमचं.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती अगदी छोटी आहे. वायफाय असलेली कुठलीही वस्तू विकताना, डोंगल असो, लॅपटॉप असो, राउटर असो, डब्यावर आतल्या चिपचं नाव आणि व्हर्जन छापा. सोर्स द्या, कागदपत्रं द्या हे मी मागतच राहीन, पण तोपर्यंत निदान नाव तरी छापा. पावडरच्या डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं, कपड्यावर सुती का पॉलिस्टर ते लिहिलेलं असतं. मग ज्यावर माझं मशीन चालणार की नाही हे ठरतं ते नाव लपवायचं कारण काय? याला पैसा लागत नाही, पेटंट आड येत नाही, रेडिओचा नियम आड येत नाही. नाव कळलं की पुढचं आम्ही बघून घेऊ, कुठली चिप कर्नलमध्ये आहे हे दोन मिनिटांत शोधता येतं.

तुमच्या वाचकांना पण सांगते, लिनक्स टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवून बघा, इन्स्टॉलचं बटण दाबू नका, आधी वायफायची यादी दिसतेय का बघा, यूट्यूबवर एक व्हिडिओ लावून बघा. यादीच दिसत नसेल तर टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट लिहून बघा, कधीकधी फक्त बाजूचं बटण बंद असतं. फोनची केबल जवळ ठेवा. डोंगल घ्यायचाच असेल तर मॉडेलवर जाऊ नका, चिप विचारा, आणि परत घेणार असाल तरच घेतो म्हणा.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक विनंती. तुमच्या पुरवणीत नवीन लॅपटॉपचा रिव्ह्यू येतो त्यात कॅमेरा, बॅटरी, रंग, वजन सगळं असतं. त्यात एक ओळ वाढवा, वायफायची चिप अमुक, लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे किंवा नाही. तुमच्या रिव्ह्यू करणाऱ्या माणसाला फार तर पाच मिनिटं लागतील, लाइव्ह पेनड्राइव्ह लावून तीच एलएसपीसीआयची ओळ वाचायची. एका मोठ्या पेपराने हे सुरू केलं तर कंपन्यांना ती ओळ दिसेल, कारण रिव्ह्यू त्या वाचतात, माझ्यासारखीचं पत्र वाचणार नाहीत.

माझ्याकडे एक वही आहे, माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक मशीनचं आणि डोंगलचं नाव, व्हर्जन, चिपचा नंबर, ड्रायव्हर, आणि लावल्यावर लगेच चाललं की नाही, असं सगळं तारखेसकट लिहिलेलं आहे. भाचीच्या लॅपटॉपची नोंद त्यात सगळ्यात शेवटची आहे. तुमच्या लेखकाला उपयोगी पडणार असेल तर पानांचे फोटो काढून पाठवते, कळवा.

आपली,
एक नियमित वाचक